भांडायला घेतलेला श्वास

आमच्या पडद्यांच्या दुकानात दिवसाकाठी एक तरी भांडण झालं नाही, तर समोरचा चष्मेवाला काळजीने डोकावून जायचा. भांडणारी माणसं ठरलेली होती, मी आणि माझी धाकटी भावजय. माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, आमच्या दोघींच्या मध्ये शिलाई मशीनवर बसायचा आणि आवाज चढले की पायाखालचं पॅडल जोरात दाबायचा, म्हणजे कुणाची बाजू घ्यावी लागू नये. खिडक्या मोजणं, गिऱ्हाइकांशी बोलणं आणि पडदे टांगून घेणं माझ्याकडे, शिवण त्याच्याकडे आणि कापणं तिच्याकडे. कापणाऱ्याला आमच्या धंद्यात मास्तर म्हणतात, म्हणून तिलाही सगळे मास्तरच म्हणत. मीसुद्धा. ती मला घरात ताई म्हणायची आणि दुकानातही ताईच म्हणायची, पण दुकानातल्या ताईला धार असायची.

भांडायला विषय कमी नव्हते. मी गिऱ्हाइकाला भलता वायदा देऊन बसायची, ती नाही म्हणायची. मी म्हणायची कापड पुरेल, ती म्हणायची पुरणार नाही, आणि ते पुरायचं नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक आहे. तिच्या जिभेलाही नव्हतं. पण ती कापायला उभी राहिली की मी कामाचं निमित्त काढून टेबलाजवळ रेंगाळायची. उजव्या हातात कात्री आणि डावा हात कापडावर, कात्रीच्या जरासा पुढे. तो हात कापडाला दाबत, चाचपत, सरळ करत पुढे सरकायचा आणि कात्री मुकाट्याने त्याच्या मागून जायची. बघणाऱ्यांना वाटायचं कमाल कात्रीची आहे. कमाल डाव्या हाताची होती. हे मी तिला कधी तोंडावर सांगितलं नाही, कारण मग पुढच्या भांडणात मी काय बोलणार होते?

मोटरसायकल तिची स्वतःची होती, चांगली दणकट. मागच्या कॅरियरवर कापडाचे गठ्ठे बांधून ती गावभर फिरायची. त्या दुपारी ती एका घरी तयार पडदे पोचवून परत येत होती. वळणावर कुणाच्या तरी गाडीतलं तेल सांडलेलं होतं. मोटरसायकल एकीकडे घसरत गेली आणि ती दुसरीकडे. हेल्मेटला तडा गेला पण डोकं शाबूत राहिलं. रस्त्याने गुडघा आणि एक गाल सोलून काढला, गळ्याजवळचं हाड मोडलं. आम्ही त्या जखमांकडे बघून रडत होतो आणि खरी दुखापत दिसतच नव्हती. पडताना डावा खांदा फुटपाथच्या कडेवर आपटून खाली दाबला गेला आणि मान उलट्या बाजूला ओढली गेली. त्या हिसक्यात हाताकडे जाणाऱ्या नसा मानेपाशीच उपटल्या गेल्या. हात जागेवर होता, त्याला साधा ओरखडाही नव्हता, फक्त तो आता तिचा राहिला नव्हता.

ज्या वॉर्डात तिला ठेवलं तिथे जवळजवळ सगळे दुचाकीवरून पडलेलेच होते. एकाचा पाय लोखंडी सळ्यांच्या चौकटीत अडकवलेला. एकाचा जबडा तारांनी बांधलेला, त्यामुळे तो नळीने जेवायचा आणि पाटीवर लिहून बोलायचा. एका आजोबांची पाठ अशी सोलवटली होती की ते पालथेच झोपायचे. मास्तरने शुद्धीवर आल्यावर दोन्ही बाजूंना मान वळवण्याचा प्रयत्न केला आणि नर्सला विचारलं की इथे पार्किंगला जागा कशी मिळाली. तारवाल्याला हसायची चोरी होती, तो डोळ्यांनीच हसला. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. इतक्या दुखण्यात माणसाला दुसऱ्याला हसवायचं सुचतं कसं, हे मला आजही कळलेलं नाही.

पुढे डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून सगळं समजावलं. उपटलेल्या नसा परत मानेत लावता येत नाहीत. पण बरगड्यांमध्ये श्वासासाठी पुष्कळ नसा असतात, त्यांतल्या काही वळवून दंडाच्या नसेला जोडता येतात. नस मग आपल्या गतीने वाढत दंडाच्या स्नायूपर्यंत जाते. पोचली तर कोपर वाकेल. बोटांची आशा त्यांनी दिली नाही. आणि स्नायूही जन्मभर वाट बघत बसत नाही, दीडेक वर्षात नस आली नाही तर तो वाळून जातो.

मास्तरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चांगल्या जागचं कापड काढून फाटलेल्या जागी जोड द्यायचा."

डॉक्टरबाई म्हणाल्या, अगदी तसंच. मग त्यांनी एक गंमत सांगितली. नस मुळात श्वासाची असल्यामुळे सुरुवातीला कोपर वाकवायला श्वासच घ्यावा लागेल. छातीभर श्वास घ्यायचा आणि मनात म्हणायचं, वाक. रोज, पुन्हा पुन्हा, काही हललं नाही तरी.

"आणि नाहीच वाकलं तर हात काढून टाका," मास्तर म्हणाली. "लटकता हात मला नको."

भावाने तोंड फिरवलं. पण ती रागाने बोलत नव्हती. ऑपरेशन झालं, आणि पुढचे महिने मी जे पाहिलं त्यावरून मला तिचं म्हणणं पटलं. तो हात दारात सापडायचा. टेबलावरून घसरला की त्याच्या ओझ्याने खांद्याला कळ जायची. एकदा इस्त्रीला टेकला आणि तिला वासावरून कळलं. वरून चटका कळत नव्हता आणि आत मात्र सारखी आग व्हायची. तळवा निखाऱ्यावर धरल्यासारखा जळतो, असं ती म्हणायची. तशी कळ आली की ती बोलता बोलता थांबायची, ओठ आवळायची, आणि कळ ओसरली की वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू करायची. रडताना मी तिला एकदाही पाहिलं नाही. आमच्या घरातला रडण्याचा सगळा कोटा माझ्या भावाने उचलला होता.

या सगळ्यात आमच्या हातून एक गोष्ट घडली. भावाने मला हात जोडून सांगितलं की ताई, आता तिला काही बोलू नकोस. मीही घाबरलेली होते. मी गोड झाले. इतकी गोड की माझा मलाच कंटाळा यायचा. मास्तर काहीही म्हणाली की मी म्हणायची, बरोबर आहे तुझं. तिने मुद्दाम एकदा पिवळ्या भिंतीच्या खोलीला जांभळे पडदे सुचवले, तेव्हाही मी छान दिसतील म्हणाले. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू अपघात मला झालाय.

व्यायाम ती नियमाने करायची. पण आरशासमोर श्वास घेत बसली की भाऊ शेजारी येऊन बसायचा आणि तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर त्याचे डोळे भरायचे. मग ती उठून कापडाच्या कोठीत जायची आणि दार लावून घ्यायची. आतून नुसते श्वासाचे आवाज यायचे. तिथून बाहेर आली की मी तिच्या चेहऱ्याकडे बघायची आणि ती मान हलवायची, नाही. हिवाळा संपला, उन्हाळा आला आणि तिची मान रोज तशीच हलायची. दंड माझ्या मनगटाएवढा बारीक झाला होता. डॉक्टरबाईंकडे पुढच्या खेपेला जाऊ तेव्हा हात काढण्याचं ठरवून टाकू, असं ती एकदा चहा पिताना म्हणाली, वायदा पुढे ढकललेल्या गिऱ्हाइकाबद्दल बोलावं तशा आवाजात. कोठीतले श्वासही हळूहळू कमी झाले.

कापायचं काम तोपर्यंत माझ्या गळ्यात पडलं होतं. साध्या कापडाचं मी निभावून न्यायची. मग एका सभागृहाचं काम आलं, रंगमंचाच्या वरच्या बाजूला लावायची मखमली झालर. तिचे तुकडे वर रुंद आणि खाली निमुळते. मी डोकं चालवलं. एक तुकडा सुलटा, शेजारचा उलटा, असे मांडून कापले तर कापड किती वाचतं! मी सगळे तुकडे तसे कापले, भावाने एकमेकांना जोडले, आणि उरलेल्या मखमलीचा गठ्ठा मी मोठ्या दिमाखात मास्तरसमोर ठेवला.

तिने गठ्ठ्याकडे बघितलंच नाही. दांडीवर टांगलेल्या झालरीकडे बघत राहिली. मग मलाही दिसलं. एक तुकडा लाल, एक काळपट, पुन्हा लाल, पुन्हा काळपट. मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर ती झोपते आणि चमकते, उलट फिरवला तर उभी राहते आणि गडद दिसते. मी अर्धी झालर पायांवर उभी केली होती आणि अर्धी डोक्यावर.

उकाड्यामुळे तिच्या कुडत्याला बाह्या नव्हत्या. तिने बोलायला म्हणून भरून श्वास घेतला, आणि त्या वाळलेल्या दंडाच्या आत काहीतरी हललं. कातडीखालून एक लहानशी उसळी आली आणि बसली.

मला भास झाला असेल असं वाटलं. तिला काहीच कळलं नव्हतं, ती माझ्यावर सुरू झाली होती. लव बघितली नाही, खडूने बाण काढले नाहीत, मखमल म्हणजे काय चादर वाटली का. मी गप्प. माझी नजर दंडावर. माझं गप्प बसणं तिला नेहमीच्या दयेसारखं वाटलं आणि ती आणखी भडकली.

"बोला ना, ताई," ती म्हणाली. "की माझ्या हाताबरोबर तुमची जीभही गेली?"

असं म्हणून तिने पुढच्या वाक्यासाठी श्वास ओढला, आणि दंड पुन्हा उसळला.

आता सांगावं तर भास निघाला म्हणजे? तिची आशा आधीच तळाला लागली होती, ती मी खरवडून काढायची? मी ठरवलं की आधी खात्री करायची. मी कंबरेवर हात ठेवले आणि इतक्या महिन्यांची साठवलेली जीभ मोकळी सोडली. म्हटलं, झालर चांगली झाली आहे, पट्ट्यापट्ट्यांची फॅशन आहे. श्वास, उसळी. म्हटलं, तुझ्यापेक्षा मी बरं कापते, गिऱ्हाइकंही तेच म्हणतात. मोठा श्वास, मोठी उसळी. म्हटलं, त्या पिवळ्या खोलीला तुझे जांभळे पडदे खरंच लावून आलेय. भावाने मशीन थांबवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला वेड लागलंय. चष्मेवाला दारात येऊन उभा राहिला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी समाधान होतं.

पुरती खात्री पटली तेव्हा मी थांबले. "मास्तर," मी म्हटलं, "पुढचं बोलण्याआधी आरशात बघ. दंडाकडे. आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण."

ती आरशासमोर गेली. तिने माझ्याकडे रागाने एक नजर टाकली, छातीभर श्वास घेतला. उसळी आली. तिने श्वास सोडला, पुन्हा घेतला. पुन्हा आली. ती बराच वेळ तशीच श्वास घेत उभी होती आणि आम्ही तिघं तिच्या दंडाकडे बघत होतो. भाऊ अर्थातच रडत होता. ती रडली नाही. वळून मला म्हणाली की ती झालर उसवून काढा, सगळीच्या सगळी.

डॉक्टरबाईंनी दंडावर बोटं ठेवून तिला खोकायला लावलं आणि त्या हसल्या. आता खरा व्यायाम सुरू झाला. सकाळी दुकान उघडलं की आम्ही दोघी टेबलाशी समोरासमोर उभ्या राहायचो आणि मी तिला काहीतरी बोचेल असं बोलायची. कधीकधी मला विषय सुचायचा नाही, तेव्हा तीच सुचवायची. माझ्या वायद्यांवरून सुरू करा, म्हणायची, त्याने हात चांगला वर येतो.

आणि तो हात खरोखर वर येऊ लागला. आधी नुसता थरथरायचा. मग पाण्यात धरला तर वाकायचा. मग बाहेरही. पण त्याला स्वतःची अक्कल नव्हती, तो श्वासाचा गुलाम होता. तिला शिंक आली की हात ताडकन वर येऊन टाचण्यांची डबी उडवायचा. उचकी लागली की हाताला लागायची. एका बाईंसमोर तिला जांभई आली, हात वर आला, आणि त्या बाईंनी निरोप समजून उलट हात हलवला आणि चालू लागल्या. मास्तरला आता काही लपवता येत नव्हतं. कंटाळा, दचकणं, हसू दाबणं, सगळ्याची खबर हात आधी देत होता. ती म्हणायची, घरात एक चहाडखोर आणून ठेवलाय.

त्या चहाडखोराला तिने ज्या चिकाटीने माणसाळवलं, ते बघून माझी मान खाली जायची. दंडात कळ यायची, तळव्याची आग तर चालूच होती, तरी ती मोजक्या श्वासात हात वाकवून धरायची, सोडायची, पुन्हा वाकवायची. घामाने कुडता ओला व्हायचा. मी म्हणायची, पुरे आता. ती म्हणायची, भांडायचं असेल तर भांडा, दया नको.

मग त्याच सभागृहाचं दुसरं काम आलं. या वेळी मुख्य पडदा, तोही मखमलीचा. मी खडू, फूटपट्टी आणि कात्री घेऊन टेबलाशी उभी राहिले. मास्तर आली आणि तिने माझ्या हातातून कात्री काढून घेतली. डावा हात अडकवायची गळ्यातली झोळी उतरवून खिळ्याला टांगली. मी पलीकडच्या टोकाला कापड धरायला गेले.

"सोडा, ताई," ती म्हणाली. "धरू नका."

तिने श्वास घेतला. डावा हात वाकून वर आला, बोटं निर्जीव लोंबत होती. तिने अंग पुढे टाकून कोपरापासूनचा हात मखमलीवर ठेवला आणि वरून खांद्याचा भार दिला. कापड दबलं. उजव्या हातातली कात्री चालली, हाताच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. पुन्हा श्वास. हात उचलला, पुढे पडला, कापड दबलं, कात्री चालली. पूर्वी तो हात कापडावरून सरकायचा, आता तो उचलून ठेवावा लागत होता. बाकी सगळं तेच होतं. डावा हात पुढे, कात्री मागे. भावाने मशीन केव्हा बंद केलं कळलं नाही. दुकानात फक्त तिचा श्वास आणि कात्रीचा आवाज येत होता.

अर्ध्यावर आल्यावर मला राहवेना. जीभ सवयीने सुटली. मी विचारलं, लव बघितलीस ना?

तिने उत्तर द्यायला श्वास घेतला आणि हात कापडावरून उचलला गेला. मखमल सरकू लागली. तिने श्वास तिथेच आवरला, हात परत ठेवला, आणि वर न बघता म्हणाली, "आत्ता नको, ताई. आत्ताचे श्वास कापडाचे आहेत."

मी तोंडावर हात ठेवला. ती कापत गेली. टेबलाच्या शेवटाला कात्रीची पाती मिटली आणि पडद्याचा तुकडा सुटा झाला. मी त्याची कड उचलून पाहिली. कुठे दात नाही, कुठे वळण नाही. जुन्या दिवसांत कापायची तशी कड.

"हं, आता बोला," ती म्हणाली. कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती भांडणाची वाट बघत माझ्यासमोर उभी होती.

मी ती कड अजून हातात धरून होते. शेवटी जे इतकी वर्षं पोटात होतं तेच बाहेर आलं. मी म्हटलं, "तुझ्यासारखं कापणारं माणूस मी पाहिलं नाही. आधीही नाही, आत्ताही नाही."

ती पाठ फिरवून कापडाच्या मांडणीकडे गेली आणि गठ्ठे नीट लावल्यासारखं करू लागली. पाठ अगदी ताठ होती, मान सरळ. आवाज नाही. नेहमीसारखीच ती आमच्यासमोर रडणार नव्हती. पण डावा हात अंगाजवळ लोंबत होता, आणि तो कोपरातून हलला. थांबला. पुन्हा हलला. मग लागोपाठ, थोडा थोडा, हुंदक्याएवढा.

भावानेही ते पाहिलं. तो मशीनवरून उठू लागला, पण मी त्याला खुणेने बसवलं. मी जाऊन तिच्या पाठीशी उभी राहिले. डोळे मलाही पुसावे लागत होते, पण माझा हात चहाडखोर नसल्यामुळे माझं झाकून गेलं.

"मास्तर," मी म्हटलं, "रडायचं तर तिकडे सरकून रड. मखमलीवर डाग पडला तर निघत नाही, आणि गिऱ्हाइकाला मी परवाचा वायदा दिलाय."

ती गर्रकन वळली. नाक लाल, गाल ओले. परवाचा वायदा ऐकून तिचे डोळे मोठे झाले आणि तिने मला उत्तर द्यायला छातीभर श्वास घेतला.